नटवीने उचललेली लोकर

९ जानेवारी

प्रिय वन्सं,

तुमचा फोन अजून बंदच आहे. एका अर्थी बरं आहे म्हणा. इथे फोन वाजला की आई हातातलं टाकून धावतात, त्यांना वाटतं बोटवाल्यांकडून काही कळलं. मग पलीकडून भलतंच कोणी बोललं की दिवसभर तोंडात घास घालत नाहीत. त्यापेक्षा पत्र बरं, गुपचूप येतं.

शोध थांबवला. हे तुम्हाला कसं लिहावं ते कळत नव्हतं, म्हणून सरळ लिहून टाकलं. बोट रिकामी सापडली त्याला दोन महिने झाले. आमच्या संशोधन केंद्रातल्या सगळ्या पाणबुड्यांनी, बोटवाल्यांनी खाडी पालथी घातली, पण तुमच्या भावाचा पत्ता नाही. आता कचेरीतून एक अर्ज आला आहे. अपघातात गेला असं समजावं, असा. त्यावर बायको म्हणून मी सही करायची. आमच्या केंद्रप्रमुखांनी तर पाटीसुद्धा रंगवायला दिली आहे. तो जिथे खुणेचे खांब रोवायला गेला होता, त्या समुद्रगवताच्या पट्ट्याला त्याचं नाव देणार आहेत. माणूस चांगला आहे, मनापासून करतो आहे, पण ते 'कै.' मोठं काढू की लहान, हे मलाच विचारायला आले.

मला राहून राहून ती सकाळ आठवते. खांब पिवळे रंगवून रंग वाळायच्या आत निघाला, आणि तुम्ही विणलेल्या त्या विटकरी-राखाडी स्वेटरच्या बाहीला पिवळा फराटा ओढून घेतला. मी म्हटलं, "बाहीचं काय करून ठेवलंस बघ." त्याच्याशी मी बोललेलं शेवटचं वाक्य ते. नवऱ्याला निरोप देताना बायका काय काय बोलतात, आणि मी बाहीवर बोलले.

तुमच्याकडे एक काम आहे. मी सध्या गवतातल्या खेकड्यांवर काम करते आहे. त्यातला एक प्रकार फार नखरेल. त्याच्या पाठीवर बारीक आकड्यांसारखे केस असतात. हा पठ्ठ्या आजूबाजूचं गवत तोडतो, त्याचं टोक चावून चावून पिंजतो आणि त्या आकड्यांत अडकवतो. असं सगळं अंग झाकून गवतात बसला की माशाच्या बापाला दिसत नाही. मला बघायचं आहे की गवत नाही मिळालं तर तो काय पसंत करतो. त्यासाठी टाकीत लोकरीचे तुकडे सोडायचे आहेत. तुमच्या दुकानात चिंध्या, टोकं पडलेली असतील, ती पाठवा. रंग कुठलेही चालतील.

तुमची,
वहिनी

१७ जानेवारी

वहिनीबाई,

लोकर पाठवते आहे. विणकामाच्या यंत्रापाशी एक टोपली असते, दिवसभरात कापलेलं सगळं मी त्यात टाकते, ती तशीच पिशवीत उलटी केली. निवडायला वेळ नव्हता. हल्ली स्वयंपाकातच माझा अर्धा दिवस जातो. खेकड्यांनी स्वेटर घातलेला बघायचं तेवढं या जन्मी राहिलं होतं, तेही बघून घे. मापं पाठव, बाह्या किती लावायच्या तेही कळव. आठ का दहा?

सहीचं मात्र ऐक. करू नकोस. घाई कसली आहे? कागद काही कुजत नाही. केंद्रप्रमुखांना सांग, पाटी असू दे, पण गोदामात. तू म्हणशील, सख्खी बहीण आहे, हिच्या मनाला पटत नाही. तसंच समज. बोका लहानपणी सुद्धा असाच नाहीसा व्हायचा. (बोका म्हणजे तो. पाण्याला घाबरायचा म्हणून मी नाव ठेवलं होतं, आणि मेला पुढे पाणबुड्या झाला.) आई गल्लीभर हाका मारायची आणि हा जिन्याखाली पेरू खात बसलेला.

आईला जप. तिची औषधं चुकवू नकोस. ती फार रडते का, ते मला खरं कळव. नाही, नको कळवूस.

तू त्या बाहीचं मनाला लावून घेऊ नकोस. त्याला त्याचं काही वाटलं नसेल.

तुझी नणंद
(नणंदेसारखी न वागणारी)

३ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

सही केलेली नाही. कचेरीतला कारकून म्हणाला, "बाई, तुम्ही सही न केल्याने ते परत येणार आहेत का?" मी म्हटलं, माझ्या नणंदेला विचारा.

तुमच्या पिशवीने केंद्रात धमाल उडवून दिली आहे. टाकीशेजारी बसूनच हे लिहिते आहे, कागदाला पाणी लागलं तर माफ करा. एका टाकीत पाच खेकडे सोडले आणि तळाशी तुमची लोकर पसरली. आधी सगळे रुसून बसले. गवतातला खेकडा मोकळ्यावर फार घाबरतो हो. काही जातींचं कवचच गवतासारखं हिरवं असतं, त्यांना चिंता नाही. काही वाळूत शिरून नुसते डोळे वर ठेवतात. यांना मात्र अंगावर काहीतरी घेतल्याशिवाय चैन पडत नाही. उघड्या पाठीने आले पाहुण्यांत, असा चेहरा.

आज सकाळपासून नटायला लागले आहेत. सगळ्यांत पुढे एक मादी आहे, तिला आम्ही नटवी म्हणतो. मला वाटलं होतं, हिरवी लोकर उचलतील, निदान गवताच्या रंगाजवळची. तर नाही. हिला रंगाशी देणंघेणं नाही. नवी, गुळगुळीत लोकर नांगीत धरते, पाठीवर घासते, ती अडकत नाही, सोडून देते. हिला हवी आहे वापरून झिजलेली, पिंजलेली लोकर. ती पाठीवर चटकन बसते. साड्यांच्या दुकानात आई करतात तसं चाललं आहे, शंभर बघायच्या आणि पहिलीच घ्यायची. आत्ता एक मोठा तुकडा घेऊन मिरवत काचेपाशी आली आहे. विटकरी आणि राखाडी, दोन धागे एकत्र पिळलेले, आणि त्याच्या एका टोकाला

वन्सं, हे पत्र इथेच थांबवते. माझा हात नीट चालत नाही.

एकच विचारते. हा तुकडा तुमच्या टोपलीत कुठून आला?

९ फेब्रुवारी

वहिनीबाई,

केवढं घाबरवलंस. मला वाटलं, आईलाच काही झालं.

अगं, तो स्वेटर मीच विणला ना? मग त्याची उरलेली लोकर माझ्याकडे नसेल तर कोणाकडे असेल? अर्धा गुंडा कुठेतरी पडला होता, आवरताना टोपलीत गेला असेल. एवढ्याशा गोष्टीने हात कापायला लागले, म्हणजे तुझी झोप होत नाही. टाकीपुढे बसणं कमी कर. दूध घेत जा.

खेकड्यांचा प्रयोग छान चालला आहे हे वाचून बरं वाटलं. आणखी लोकर लागली तर सांग, या वेळी निवडून पाठवीन.

तुझी नणंद

१४ फेब्रुवारी

वन्सं,

या वेळी निवडून पाठवाल याची खात्री आहे.

मी तो तुकडा नटवीच्या पाठीवरून चिमट्याने काढला. ती सोडत नव्हती, तिने माझं बोट धरलं, रक्त आलं. तुकडा माझ्यासमोर टेबलावर आहे. तुम्हीच मला विणायला शिकवलंत, लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत, आठवतं? तेव्हा सांगितलं होतंत की नवी लोकर सरळ असते आणि उसवलेली कुरळी, धुतली तरी तिचे वळसे पुरते जात नाहीत. ही कुरळी आहे. गुंड्यातली नाही. घालून घालून पिंजलेली आहे, म्हणून तर तिला आवडली.

आणि तिच्या एका टोकाला पिवळा रंग आहे. खांबांचा. तो डबा त्या सकाळी मीच उघडून दिला होता. त्याआधी तो रंग आमच्या घरात नव्हता, केंद्रात नव्हता, कुठेच नव्हता.

तो स्वेटर घालून तो गेला. ती बाही तुम्ही उसवलीत. कोपर फाटलं असेल, नाहीतर रंगाचा डाग काढायचा असेल. तुम्ही टापटिपीच्या, डाग तुम्हाला बघवत नाही.

दोन महिन्यांत तुमचा फोन दुरुस्त होत नाही. तुमचा अर्धा दिवस स्वयंपाकात जातो, आणि तुम्ही एकट्या राहता. बाहीचं त्याला काही वाटलं नसेल, असं तुम्ही मला लिहिलंत. मी ते तीनदा वाचलं आणि मला बरं वाटलं होतं, वन्सं. मला वाटलं, माझी समजूत घालता आहात.

तो तुमच्या घरात आहे. हो की नाही, एवढंच लिहा.

२० फेब्रुवारी

वहिनी,

हो.

पुढचं वाचणार असशील तर वाच.

तो नोव्हेंबरात आला. बेल वाजली, दार उघडलं तर हा. दाढी वाढलेली, पायात चप्पल नाही. तोवर तुझी तार येऊन गेली होती. मी त्याच्या नावाने रडून बसले होते. मला वाटलं, माझंच डोकं फिरलं. त्याला हात लावून बघितला, मग एक थोबाडीत दिली, मग जेवायला वाढलं.

काय झालं, ते त्यानेच सांगितलं तसं सांगते. ओहोटी होती, गवतात गुडघाभर पाणी. तो खांब रोवत होता आणि बोटीचा नांगर सुटला. बोट वाहत निघाली. हाताच्या अंतरावर होती म्हणाला, चार ढांगा टाकल्या असत्या तर धरता आली असती. तो उभा राहून बघत राहिला. मग पलीकडच्या काठाला चालत गेला. तिथे रस्त्यावर एक बस उभी होती, त्यात चढला. मी विचारलं, का रे? भांडण झालं? कोणी दुसरी आहे? काही केलंस का? म्हणाला, नाही. घरी सगळं चांगलं आहे. फक्त परत जावंसं वाटलं नाही. पहिल्या दिवशी सहज जाता आलं असतं, दुसऱ्या दिवशी जरा अवघड झालं, आणि मग तुम्ही सगळ्यांनी रडायला सुरुवात केलीत, आता कोणत्या तोंडाने जाऊ?

मी दुसऱ्याच दिवशी तुला कळवणार होते. त्याने मला स्वतःच्या गळ्याची शपथ घातली. म्हणाला, तू सांगितलंस तर मी अशा ठिकाणी जाईन की तुलाही कळणार नाही. तो जाईल याची मला खात्री होती. एकदा गेलेला माणूस पुन्हा जाऊ शकतो. मग मला वाटलं, निदान इथे डोळ्यांसमोर आहे, खातोय, पितोय. आज सांगीन, उद्या सांगीन. तुला सही करू नको म्हटलं, तेवढंच माझ्याने झालं. फोनची वायर मी काढून ठेवली आहे, कारण आईचा आवाज ऐकला असता तर माझ्याने राहवलं नसतं.

तू मला शिव्या दे. पण आईला सांगताना जपून सांग.

तुझी नणंद

२५ फेब्रुवारी

वन्सं,

तुमच्या कंसातल्या ओळीची आठवण झाली. नणंदेसारखी न वागणारी. यापेक्षा तुम्ही नणंदेसारखं वागला असतात, टोमणे मारले असतेत, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली असतीत, तर मी आनंदाने सहन केलं असतं.

मी अजून धड रागावलेलेसुद्धा नाही. काल रस्त्यात उभी राहिले आणि कुठे निघाले होते तेच आठवेना. भाजीवालीने हाताला धरून बाजूला घेतलं. मी त्याच्यासाठी रडले ते सगळं आता कुठे ठेवू, ते सांगा. पाणबुडे परत आले की मी त्यांच्या हातांकडे बघायची, काही आणलंय का. एकदा एकाच्या हातात बूट होता, तो दुसऱ्याच कोणाचा निघाला आणि मला आनंद झाला, नंतर त्या आनंदाची लाज वाटली. त्या वेळी हा तुमच्याकडे जेवत होता. घरी सगळं चांगलं आहे, म्हणाला. हे वाक्य माझ्याने गिळवत नाही. मी मारकुटी असते, भांडकुदळ असते, तर निदान कारण तरी मिळालं असतं.

आईंना सांगितलेलं नाही. माझ्या तोंडून ते निघणार नाही. ते त्याचं काम आहे. पाटी दहा मार्चला लागणार आहे. त्याला एवढंच सांगा, की केंद्रप्रमुखांचं भाषण तयार आहे आणि त्यात तो फार शूर आहे.

नटवीने कात टाकली. या खेकड्यांचं कवच वाढत नाही, म्हणून ते मागून उघडून आतला जीव बाहेर निघतो, अगदी मऊ, बोट लावलं तरी दुखेल असा. ती गवताच्या मुळांत दडून राहिली. मग अंग कडक झाल्यावर जुन्या रिकाम्या कवचापाशी परत आली आणि त्यावरची लोकर एकेक काढून नव्या पाठीवर लावली. पिवळ्या टोकाचा तुकडा मी टाकीत परत टाकला होता. माझ्या टेबलावर तो मला नको होता. तिने तो सगळ्यांत आधी घेतला.

वहिनी

४ मार्च

वहिनी,

आज सकाळी तो निघाला. तुझं पत्र मी त्याच्या पुढ्यात ठेवलं होतं. त्याने वाचलं. तो स्वेटर अंगात घातला, मी नव्याने विणलेली बाही दोनदा ओढून सारखी केली आणि बसथांब्यावर गेला. मी मागून गेले नाही. कुठल्या बसमध्ये बसला ते मला माहीत नाही.

फोनची वायर जोडली आहे. फोन करायची हिंमत तेवढी नाही.

तुझी नणंद

१३ मार्च

वन्सं,

तो आला.

पाच तारखेला, दुपारी. मी टाकीत कोपरापर्यंत हात घालून बसले होते. दारात सावली पडली म्हणून वर बघितलं. मला वाटायचं, मी किंचाळीन, नाहीतर कोसळीन. काहीच झालं नाही. माझे हात पाण्यातच राहिले. तो म्हणाला, "भूक लागलीय." वन्सं, चार महिने मेलेला माणूस आणि त्याचं पहिलं वाक्य हे. मी शेवटचं बाहीवर बोलले म्हणून इतकी झुरले, आता आमची फिट्टंफाट झाली.

मी म्हटलं, "घरी आई आहेत. त्यांच्यासमोर जा आणि सांग." सगळी वाट तो माझ्यामागून चालला. वाटेत जाळी विणणारा म्हातारा भेटला, त्याच्या हातातली सुई खाली पडली, ती उचलायचीही त्याला शुद्ध राहिली नाही.

आई दारासमोर खुर्ची टाकून बसलेल्या होत्या, रोजच्यासारख्या. त्यांनी त्याला पाहिलं. मी पुढे झाले, पडतील म्हणून. पडल्या नाहीत. त्यांनी हात पुढे केला, मला वाटलं गालावर फिरवतील. त्यांनी बाही धरली. कोपर उजेडाकडे वळवलं. जिथे जुनी वीण संपते आणि नवी सुरू होते, तिथे बोट ठेवलं.

"हा जोड माझ्या लेकीचा आहे," म्हणाल्या.

तो रडायला लागला. आईंनी विचारलं, "तिला माहीत होतं?" त्याने होकाराची मान हलवली. मग एवढंच म्हणाल्या, "स्वेटर काढ."

तो सध्या बोटवाल्यांच्या खोलीत राहतो. मी त्याला घरात घेतलेलं नाही आणि जा असंही म्हटलेलं नाही. यातलं काय करणार ते मला ठाऊक नाही, विचारू नका. रोज कचेरीत जातो. तिथला कारकून म्हणतो, मेलेल्यासाठी अर्ज आहे, जिवंत असल्याचा अर्ज आमच्याकडे नाही, साहेबांना विचारावं लागेल. पाटी वाया जायला नको म्हणून केंद्रप्रमुखांनी ती उलटी करून मागच्या बाजूला 'गवतात नांगर टाकू नये' असं लिहून घेतलं. ती खांबांवर लावायला तुमचा भाऊच गेला होता. या वेळी बोट दोन दोरांनी बांधली. मी काठावरून बघत होते, दोन्ही गाठी बांधून होईपर्यंत.

तुमच्यावर माझा राग आहे. तो जाईल की राहील ते माहीत नाही, पण तुम्ही त्याला उपाशी ठेवलं नाहीत हेही मला माहीत आहे. दोन्ही एकदम मनात असतं, त्याने डोकं दुखतं.

आई मात्र तुमचं नाव काढत नाहीत. मी फोन लावून देऊ का विचारलं, तर ऐकू आलं नाही असं दाखवलं. गेला आठवडा अंगणात उन्हात बसून तो स्वेटर उसवत आहेत. आधी तुम्ही नव्याने विणलेली बाही उसवली, मग बाकीचा. धागा तुटू देत नाहीत, हळूहळू गुंडाळतात. आज शेवटचा गुंडा झाला. सगळे माझ्या पिशवीत घातले आणि म्हणाल्या, खेकड्यांना ने.

मग हे पत्र लिहिताना बघून जवळ आल्या. तिला माझा एक निरोप लिही, म्हणाल्या. मी विचारलं, काय लिहू? त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते.

"आता लोकर पाठवू नकोस. घरात भरपूर झाली आहे."